क्लोरीनयुक्त औद्योगिक कचऱ्यातून कामाची रसायनं परत मिळवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण, जालना, नांदेड या पट्ट्यातल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांतून, ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र) सांभाळणाऱ्यांकडून, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आणि औद्योगिक वसाहतींना लागून असलेल्या गावांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. क्लोरीनयुक्त कचरा म्हणजे नेमकं काय? मिठाचं पाणीही त्यातच येतं का?

मिठातही क्लोरीन असतो, पण तो क्लोराइडच्या रूपात सुखाने बसलेला असतो. मिठाच्या पाण्याचा त्रास आहेच, पण तो क्षारांचा त्रास आहे. या पानावर मुख्यतः बोलायचं आहे ते क्लोरीन कार्बनला जोडलेला असतो त्या सॉल्व्हंट्सबद्दल, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांबद्दल. मिथिलिन डायक्लोराइड (आपल्याकडे सगळे एमडीसीच म्हणतात), क्लोरोफॉर्म, ईडीसी म्हणजे इथिलिन डायक्लोराइड, मोनोक्लोरोबेंझीन, ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलिन आणि पर्क्लोरोइथिलिन, ही त्यातली नेहमीची मंडळी. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांत एमडीसीचा मान सगळ्यात मोठा.

दुसरा गट अकार्बनी कचऱ्याचा. लोखंडावरचा गंज-पापुद्रा काढून थकलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, अभिक्रियेनंतर उरलेलं ॲल्युमिनियम क्लोराइडचं पाणी आणि क्लोरिनेशन करताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू या गटात येतात. यांची वाट वेगळी आहे, ती प्रश्न १३ आणि १४ मध्ये पाहा.

२. यातून परत काय मिळतं?

सगळ्यात चांगलं म्हणजे जे वापरलं तेच परत मिळवणं, एमडीसीतून एमडीसी. ते जमत नसेल तर त्यातला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने पकडता येतो. तेही नसेल तर फेरिक क्लोराइड किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडसारखं पाणी शुद्ध करायला लागणारं रसायन बनतं. पायरी उतरत जाल तशी किंमत उतरते.

कचरा कुठल्या पायरीवर बसणार हे बहुतेक वेळा डिस्टिलेशनच्या (ऊर्ध्वपातनाच्या) खोलीत ठरत नाही. प्रॉडक्शनवाल्याने मदर लिकर (माल वेगळा केल्यावर उरलेला द्रव) कुठल्या ड्रममध्ये ओतलं, तिथेच ते ठरून गेलेलं असतं. पुढच्या अर्ध्याअधिक उत्तरांत हाच मुद्दा फिरून फिरून येईल.

३. एवढा खटाटोप कशाला? भट्टीत जाळून टाकलं की संपलं ना?

हिशेब करून पाहा. एक किलो एमडीसीत साधारण ८३५ ग्रॅम क्लोरीनच असतो. तो पूर्ण जाळला तर सुमारे ८६० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. तो मारायला साधारण ९४० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि हाती येतं १.३८ किलो मीठ, तेही पाण्यात विरघळलेलं. म्हणजे एक किलो कचरा संपवायला गेलात आणि त्यापेक्षा जास्त वजनाचा दुसरा कचरा घेऊन बसलात. त्यात एमडीसीला जळण म्हणून काही दम नाही, वरून इंधन घालावं लागतं.

शिवाय भट्टी साधी चालत नाही. धोकादायक कचऱ्याच्या सामायिक भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान ११०० अंश सेल्सिअस आणि वायूचा मुक्काम किमान २ सेकंद ठेवावा लागतो. वायू सावकाश थंड झाला तर डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनं पुन्हा तयार होतात, म्हणून तो झटक्यात थंड करावा लागतो. डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम आहे. उघड्यावर किंवा बॉयलरमध्ये जाळणं हा गुन्हा तर आहेच, पण पहिला धूर आपल्याच माणसांच्या छातीत जातो.

ज्या मोठ्या कारखान्यांत क्लोरीनयुक्त अवशेष रोज आणि भरपूर निघतो, तिथे मात्र जाळणं हीच पुनर्प्राप्ती होऊ शकते. भट्टीतला वायू ग्रॅफाइटच्या शोषकातून पाण्यात घेऊन ३० टक्क्यांच्या आसपासचं आम्ल बनवतात. आपल्याकडच्या मध्यम कारखान्याला ते स्वतःच्या आवारात झेपणारं नाही.

४. सिमेंट कंपन्या कचरा घेतात असं ऐकलं. चंद्रपूर किंवा कलबुर्गीकडे पाठवलं तर?

सिमेंट भट्टी टोल्युइन, मिथेनॉलचे अवशेष आनंदाने घेते, पण क्लोरीन तिला सोसत नाही. तिथल्या उष्णतेत क्लोराइडची वाफ होते, ती थंड भागात जाऊन गोठते, थर चढतात, सायक्लोन तुंबतात. म्हणून ते लोक क्लोरीनची टक्केवारी तपासूनच गाडी आत घेतात. टोल्युइनच्या टाकीत कुणी दोन ड्रम एमडीसी ओतलं की अख्खी टाकी नाकारली जाते. ही तक्रार दरवर्षी कुठून तरी येतेच.

५. वापरलेल्या एमडीसीतून स्वच्छ एमडीसी काढायची सर्वसाधारण पद्धत काय?

आधी ड्रम स्वस्थ बसू द्या. एमडीसीची घनता १.३३, त्यामुळे पाणी वर आणि एमडीसी खाली राहतं. नवखी पोरं सवयीने खालचा थर पाणी समजून काढून टाकतात, तेव्हा सेपरेटरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मध्ये चिकट फेसाळ पट्टा राहिला तर तो वेगळ्या ड्रममध्ये घ्या. थोडं मीठ टाकून किंवा कापडातून गाळून तो बहुतेक वेळा फुटतो.

मग पीएच बघा. आम्लता असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने धुवा. हे टाळून तसंच केटलमध्ये (डिस्टिलेशनच्या भांड्यात) चढवलं तर ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलला सुया टोचल्यासारखी छिद्रं पडतात, आणि ती वर्षभराने दिसतात. उलट ट्रायइथिलअमाइनसारखं अमाइन असेल तर आधी पातळ आम्लाने धुऊन काढा. एमडीसी आणि अमाइन शेजारी ठेवले की हळूहळू एकमेकांत मिसळून चतुर्थक क्षार बनतो आणि दोन्ही वाया जातात. असे ड्रम महिनोन् महिने साठवू नयेत.

यानंतर डिस्टिलेशन. समुद्रसपाटीला एमडीसी ४० अंशाला उकळतं. उकळायची उष्णता किलोला सुमारे ३३० किलोज्यूल, म्हणजे पाण्याच्या सातव्या हिश्श्याएवढी. वाफेचा खर्च किरकोळ आहे, खरा खर्च थंडाव्याचा (प्रश्न ७). पहिला थोडा भाग वेगळा काढायचा, मधला मुख्य कट घ्यायचा आणि तळ कोरडा होण्याआधी थांबायचं. का थांबायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

सगळा हिशेब किलोत ठेवा. लिटरात ठेवलात तर तापमान आणि भेसळ दोन्ही फसवतात. ड्रम काट्यावर चढवला की खोटं बोलायला जागा राहत नाही.

६. डिस्टिल केलं तरी पाणी आणि मिथेनॉल निघत नाही. कॉलम (डिस्टिलेशनचा उंच मनोरा) वाढवू का?

कॉलम वाढवून पैसे जातील. एमडीसी आणि पाणी मिळून ३८ अंशाच्या आसपास एकत्रच उकळतात आणि त्या वाफेत सुमारे दीड टक्का पाणी असतं. पण ती वाफ थंड झाली की दोन थर पडतात. रिसीव्हरच्या (थंड झालेला माल जमा होतो त्या टाकीच्या) आधी डिकँटर (थर वेगळे करणारं भांडं) बसवा, वरचं पाणी परत पाठवा. खालच्या थरात ०.१५ ते ०.२ टक्के पाणी उरतं. तेवढं चालत नसेल तर ३ए किंवा ४ए मॉलिक्युलर सीव्हवरून किंवा कोरड्या कॅल्शियम क्लोराइडवरून न्या.

मिथेनॉल जास्त चिवट. सुमारे ७.३ टक्के मिथेनॉल घेऊन एमडीसी ३७.८ अंशाला उकळतं आणि थंड झाल्यावर थरही पडत नाहीत. इथे डिस्टिलेशनच्या आधी पाण्याने धुणं हा सोपा इलाज. मिथेनॉल पाण्यात जातं, एमडीसी खाली राहतं. धुतलेल्या पाण्यात थोडं एमडीसी विरघळून जातंच, ते वाफेच्या स्ट्रिपरने (पाण्यात वाफ सोडून सॉल्व्हंट उडवून काढणाऱ्या उपकरणाने) काढून परत घ्या. तसंच ईटीपीत सोडू नका (प्रश्न ९).

७. हिवाळ्यात उतारा (परत मिळणारा माल) चांगला येतो, एप्रिल-मेमध्ये एकदम कोसळतो. चोरी होते का?

चोरी नाही, हवा घेऊन जाते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. हवेचा दाब कमी म्हणून इथे एमडीसीचा उत्कलनबिंदू ३८ अंशाच्या जवळ येतो. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला ड्रम कुणी न तापवताही उकळायच्या बेतात असतो. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज येतो, तो तुमचा माल असतो.

कंडेन्सरचं गणित असं. कूलिंग टॉवरच्या ३० अंशाच्या पाण्यावर कंडेन्सर (वाफ थंड करून द्रव करणारं उपकरण) चालवला तर व्हेंटमधून (वायू बाहेर जायच्या नळीतून) बाहेर पडणाऱ्या वायूचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग एमडीसीची वाफ असते. ५ अंशाच्या चिल्ड पाण्यावर हे प्रमाण साधारण पावावर येतं, उणे १५ च्या ब्राइनवर (न गोठणाऱ्या खाऱ्या पाण्यावर) दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून एकामागे एक कंडेन्सर लावायचे. पहिला टॉवरच्या पाण्यावर, दुसरा चिल्डवर आणि शेवटी व्हेंटवर छोटा ब्राइनचा. ब्राइनवाल्यात एक खोड आहे. वाफेतलं पाणी त्यात गोठतं, नळ्या बर्फाने बंद होतात आणि केटलमध्ये दाब चढतो. दाबमापकाकडे डोळा ठेवा आणि मधूनमधून तो वितळवा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे वीज. वीज गेली की चिलर बंद पडतो, पण बॉयलरमधली वाफ जॅकेटमध्ये (केटलभोवतीच्या कवचात) जातच राहते. दहा-पंधरा मिनिटांत अख्ख्या पाळीची कमाई व्हेंटमधून निघून जाते. चिलर थांबला की वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप मिटेल असा इंटरलॉक बसवा. त्याचा खर्च एका उन्हाळ्यात निघतो.

बाकी साध्या गोष्टी. टाकी सावलीत आणि पांढऱ्या रंगाची असावी, तिला श्वास-व्हॉल्व्ह असावा, रिसीव्हरला चिल्ड जॅकेट असावं. ड्रम काठोकाठ भरू नका. २० वरून ४५ अंशापर्यंत तापताना एमडीसी साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. जमेल तर मे महिन्यात डिस्टिलेशन रात्रपाळीला घ्या.

८. आमच्याकडे सगळी सॉल्व्हंट्स एकाच टाकीत जमा होतात. ती वेगळी करून द्याल का?

कधी होतात, कधी होत नाहीत, आणि होतात तेव्हाही परवडतातच असं नाही. क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतं, ॲसिटोन ५६ ला. कागदावर पाहून वाटतं, सोपं आहे. पण दोघं मिळून सुमारे ८० टक्के क्लोरोफॉर्मचं मिश्रण ६४ ते ६५ अंशाला उकळतं, दोघांच्याही वर. साध्या कॉलमने ते फुटत नाही. एकदा चहात साखर विरघळली की चमच्याने काढता येत नाही, तसंच हे. वेगळे ड्रम ठेवायला एक रंगाचा डबा आणि एक लेबल लागतं, वेगळं करायला कॉलम, वाफ आणि कुशल माणूस.

निदान एवढं करा. क्लोरीनवाली आणि बिनक्लोरीनवाली सॉल्व्हंट्स कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीनवाल्यांतही एमडीसी, क्लोरोफॉर्म, ईडीसी वेगळी ठेवा. ईडीसीचं कारण प्रश्न १० मध्ये येईल.

९. ईटीपीत सोडलं तर बॅक्टेरिया खाऊन टाकत नाहीत का? आउटलेटच्या रिपोर्टमध्ये तर काही दिसत नाही.

रिपोर्टमध्ये दिसत नाही कारण ते हवेत उडून गेलेलं असतं. एरेशन टाकीत हवा सोडली की एमडीसी पाण्यात टिकत नाही. पाण्याचं प्रदूषण हवेत ढकललं, एवढंच झालं. जास्त डोस गेला तर टाकीतले जिवाणूही मरतात आणि मग सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आठवडाभर जागेवर येत नाही. तुमचं पाणी पुढे सामायिक केंद्राकडे जात असेल तर तुमच्या एका ड्रमचा हिशेब सगळ्या वसाहतीला चुकता करावा लागतो. आधी स्ट्रिपर, मग ईटीपी.

१०. परत मिळवलेलं एमडीसी औषधाच्या उत्पादनात चालतं का? किती वेळा फिरवता येतं?

चालतं. औषधांच्या कच्च्या मालासाठीची आयसीएच (औषधांच्या दर्जाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) क्यू-७ मार्गदर्शिका त्याला परवानगी देते. अट अशी की पुनर्प्राप्तीवर नियंत्रण हवं आणि माल ठरवलेल्या कसोटीत बसायला हवा. किती वेळा फिरवायचं याचा आकडा नियमात नाही, तो तुमच्या विश्लेषणातून यायला हवा. प्रत्येक फेरीत जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) एखादं छोटं शिखर, म्हणजे भेसळीची खूण, वाढत असेल तर ते कुठे थांबवायचं हे तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असावं.

अंतिम मालात उरलेल्या सॉल्व्हंटच्या मर्यादा आयसीएच क्यू-३सी मध्ये आहेत. एमडीसी दशलक्ष भागांत ६००, क्लोरोफॉर्म ६०, आणि ईडीसी फक्त ५. म्हणून एमडीसीत चुकून ईडीसी मिसळलं की ते ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून सोडता येत नाही.

शक्यतो ज्या प्रक्रियेतून सॉल्व्हंट आलं त्याच प्रक्रियेत, त्याच टप्प्याला ते परत वापरा. २०१८ मध्ये व्हल्सार्टनसारख्या रक्तदाबाच्या औषधांत नायट्रोसअमाइन (कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी) सापडले आणि जगभर माल परत बोलवावा लागला. त्या तपासात जी कारणं पुढे आली त्यांत पुनर्प्राप्त सॉल्व्हंटमधून झालेली सरमिसळही होती, विशेषतः बाहेरच्या ठेकेदाराकडे अनेक कारखान्यांचा माल एकाच उपकरणात फिरतो तिथे. बाहेर पाठवत असाल तर ‘माझाच माल मला परत’ ही अट करारात लिहा आणि मधल्या सफाईचा पुरावा मागा.

११. क्लोरोफॉर्म परत मिळवताना वेगळी काळजी काय?

बाजारातल्या क्लोरोफॉर्ममध्ये अर्धा ते एक टक्का इथेनॉल किंवा थोडं अमिलिन स्थिरक म्हणून घातलेलं असतं. पाण्याने धुतलं की इथेनॉल निघून जातं. मग हवा आणि उजेड मिळाला की क्लोरोफॉर्मचं हळूहळू फॉस्जीन होतं, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. तेव्हा पुनर्प्राप्त माल रिसीव्हरमध्ये येताच स्थिरक पुन्हा घाला, गडद किंवा धातूच्या बंद भांड्यात ठेवा आणि वर नायट्रोजन द्या. जुना, लेबल पुसलेला क्लोरोफॉर्मचा कॅन हुंगून बघणं हा वेडेपणा आहे.

१२. तळाला डांबरासारखं उरतं, त्यातूनही शेवटचा थेंब काढावा का?

नाही. तळात काय काय जमलंय याची खात्री नसते. अस्थिर मध्यवर्ती रसायनं कोरडी पडून तापली की फुटू शकतात, आणि क्लोरीनयुक्त अवशेष जास्त तापला की हायड्रोजन क्लोराइड सोडतो. ढवळता येईल इतपत पातळ असतानाच थांबा. हा अवशेष २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांच्या अनुसूची एकमध्ये २०.३ या क्रमांकाखाली येतो. तो अधिकृत भट्टीकडेच जायला हवा. आपल्या भागातून तो सहसा रांजणगावच्या सामायिक केंद्राकडे जातो.

पूर्वी असे जड अवशेष जास्त क्लोरीनसोबत तापवून त्यांचं कार्बन टेट्राक्लोराइड आणि पर्क्लोरोइथिलिन करायची पद्धत जगात होती. कार्बन टेट्राक्लोराइडवर मॉन्ट्रियल करारामुळे बंधनं आली आणि ती वाट अरुंद झाली. विद्यार्थी पुस्तकात वाचून विचारतात म्हणून सांगितलं.

१३. पिकलिंगचं, म्हणजे लोखंडाचा गंज काढून थकलेलं आम्ल कुणी घेईल का?

घेईल, पण त्यात जस्त नसेल तर. लोखंडावर चाललेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात फेरस क्लोराइड जमा होतं. त्यावर क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड चालवलं की फेरिक क्लोराइड बनतं, जे सांडपाण्यातला गाळ बसवायला वापरतात. मोठ्या पोलाद कारखान्यांत हेच आम्ल भट्टीत फवारून भाजतात. त्यातून आयर्न ऑक्साइडची पूड आणि १८ टक्क्यांच्या आसपासचं आम्ल परत मिळतं.

घोळ होतो तो गॅल्व्हनायझिंगमध्ये, म्हणजे लोखंडावर जस्त चढवताना. नापास झालेल्या मालावरचं जस्त उतरवायला कामगार तो त्याच पिकलिंग टाकीत बुडवतात. जस्त चढलं की फेरिक क्लोराइडवाला ते आम्ल हातात घेत नाही आणि सगळं चुन्याने मारून गाळ म्हणून पैसे देऊन पाठवावं लागतं. जस्त उतरवायची टाकी वेगळी ठेवा. जागा नसेल तर छोटी ठेवा, पण वेगळी ठेवा.

१४. थायोनिल क्लोराइडच्या स्क्रबरचं (निघणारा वायू धुणाऱ्या उपकरणाचं) आणि ॲल्युमिनियम क्लोराइडचं पाणी कशाच्या कामाचं?

थायोनिल क्लोराइडच्या अभिक्रियेतून हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड एकत्र निघतात. बहुतेक जण दोन्ही एकाच कॉस्टिक स्क्रबरमध्ये घालवतात आणि निरुपयोगी खारं पाणी जमवतात. आधी साध्या पाण्याचा शोषक ठेवला तर हायड्रोजन क्लोराइड तिथेच विरघळून ३० टक्क्यांच्या आसपासचं आम्ल मिळतं. सल्फर डायऑक्साइड पाण्यात त्या मानाने कमीच विरघळतो, तो पुढच्या कॉस्टिकच्या शोषकात सोडियम बायसल्फाइट म्हणून पकडा. पाण्यात उष्णता फार निघते, म्हणून थंडावा हवाच.

ॲल्युमिनियम क्लोराइडच्या पाण्यातून पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड बनवतात. फक्त त्यातले सेंद्रिय अंश आधी काढावे लागतात, नाहीतर ते शेवटी कुणाच्या तरी सांडपाण्यात जातात. हा माल पिण्याच्या पाण्याच्या केंद्राला विकायचा विचारही करू नका.

१५. कोणत्या गोष्टी चुकूनही एकत्र येऊ नयेत?

सोडियम अझाइड आणि एमडीसी. सार्टन गटातली औषधं बनवताना अझाइड वापरतात. त्याचं मदर लिकर एमडीसीत गेलं की डायअझिडोमिथेन बनू शकतं, आणि ते हलक्या धक्क्यानेही फुटतं. अझाइडच्या प्रक्रियेची सॉल्व्हंट्स पुनर्प्राप्तीकडे येण्याआधी अझाइड पूर्ण नष्ट केल्याचा लेखी निकाल हवा.

क्लोरोफॉर्म, ॲसिटोन आणि कॉस्टिक. कॉस्टिक पडताच मिश्रण प्रचंड तापतं आणि ड्रम फुटतो. म्हणून क्लोरोफॉर्मची आम्लता काढायला कॉस्टिक नको, सौम्य खाण्याचा सोडा घ्या.

सोडियम धातू आणि कुठलंही क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट. सुकवायला म्हणून सोडियम टाकायची जुनी प्रयोगशाळेतली सवय इथे जीव घेऊ शकते. ॲल्युमिनियमचे पंप, फिटिंग, शिड्यासुद्धा या द्रवांपासून दूर. पीव्हीसीचे पाइप आणि ॲक्रिलिकच्या साइट ग्लास एमडीसी विरघळवून टाकतं.

१६. वास येत नाही म्हणजे हवा ठीक आहे ना? मास्क तर घालतोच.

एमडीसीचा वास येईपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत मर्यादा कितीतरी ओलांडलेली असते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची आठ तासांची मर्यादा दशलक्ष भागांत २५ आहे आणि वास साधारण दोनशेच्या पुढे जाणवतो. शरीरात गेलेल्या एमडीसीचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणून डोकं दुखणं, छातीत धडधड, आणि हृदयविकार असलेल्या माणसाला जास्त धोका. कोळशाचा काडतूस-मास्क एमडीसीला फार लवकर फितूर होतो, बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. नायट्राइलचे निळे हातमोजेही काही मिनिटांत पार होतात, थरांचे लॅमिनेट मोजे घ्या.

एमडीसीची वाफ हवेपेक्षा जड असते. केटलमध्ये किंवा खड्ड्यात उतरलेला माणूस कोसळला तर दुसऱ्याने तसंच खाली उडी घेऊ नये. आपल्याकडे एकामागोमाग माणसं जातात ती अशीच.

१७. परवानगी कुणाची? स्वतःच्या आवारात डिस्टिल केलं तरी लागते का?

२०१६ च्या धोकादायक व इतर टाकाऊ पदार्थांच्या नियमांत नियम ९ आहे. टाकाऊ पदार्थाचा साधन म्हणून वापर करायचा तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं आणि ते केंद्रीय मंडळाच्या प्रमाणित कार्यपद्धतीवर मिळतं. स्वतःच्या आवारातही लागतं, पुनर्प्राप्ती तुमच्या मूळ प्रक्रियेचाच भाग नसेल तर. कन्सेंटमध्ये (मंडळाच्या संमतिपत्रात) प्रक्रियेसोबत पुनर्प्राप्तीही नीट नमूद करून घ्या, म्हणजे नंतर वाद होत नाही.

औषध कारखान्याचं वापरलेलं सॉल्व्हंट २८.६ क्रमांकाखाली येतं. साठवणूक ९० दिवस. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान कारखान्याला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. बाहेर पाठवताना नमुना १० चा मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा कागद), वर्षाचं विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत. ‘कागद नको, जास्त भाव देतो’ म्हणणारा गाडीवाला माल कुठे ओततो हे तुम्हाला कळणार नाही, पण ओतलेल्या मालावर नाव तुमचंच राहील.

१८. रिकामे निळे बॅरल धुऊन गावात विकले तर काय बिघडतं? लोक पाण्यासाठीच मागतात.

बिघडतं ते इथेच. आपल्याकडे टँकर येतो, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे दोनशे लिटरचा निळा बॅरल घराघरांत आहे. प्लास्टिक हे द्रव पिऊन घेतं. आतून साबणाने कितीही घासलं तरी भिंतीत मुरलेलं सॉल्व्हंट पुढे कित्येक दिवस पाण्यात झिरपत राहतं. असे बॅरल अनुसूची एकमध्ये ३३.१ खाली धोकादायक कचरा आहेत आणि अधिकृत बॅरल-सफाई केंद्राकडेच जायला हवेत. कारखान्यातून बाहेर पडताना बॅरलला भोक पाडून पाठवा. भंगारवाला कुरकुर करतो, करू द्या.

१९. सर, आमच्या बोअरच्या पाण्याला गोडसर वास येतो. टीडीएस तर ठीक आला. मग?

टीडीएस क्षार मोजतं, सॉल्व्हंट त्यात दिसतच नाही. प्रयोगशाळेला ‘बाष्पशील सेंद्रिय पदार्थ, जीसीवर’ असं स्पष्ट सांगा. नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बिसलरीच्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा निकाल विश्वासाचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा एमडीसीसाठी लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे, ईडीसीसाठी ३०.

ही द्रवं पाण्यापेक्षा जड असल्याने आपल्या बेसॉल्टच्या भेगांतून खाली उतरत जातात. शेजारच्या विहिरीला काही नाही आणि तुमच्या बोअरला आहे असं सहज होऊ शकतं. निकाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नका. बंद खोलीत उकळूही नका, पाण्यातलं सगळं श्वासात येतं. लेखी निकालासह तक्रार मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

२०. महिन्याला तीन-चारच ड्रम निघतात. स्वतःचं युनिट टाकावं का?

बहुधा नाही. चिलर, इंटरलॉक, जीसी आणि प्रशिक्षित माणूस एवढ्या मालावर निघत नाही. ड्रम वेगळे ठेवा, लेबल लावा आणि अधिकृत पुनर्प्राप्तीवाल्याकडे पाठवा. एकजिनसी मालाला तो बरा भाव देतो, सरमिसळीला उलट तुमच्याकडूनच पैसे मागतो. उन्हाळ्यात गाडी पहाटे काढा.

२१. बंद पडलेला प्लॉट विकत घेतला. कोपऱ्यात बिनलेबलचे ड्रम आहेत. त्यात क्लोरीन आहे की नाही कसं ओळखू?

आधी हात लावू नका. ड्रम फुगलेला असेल, झाकणाभोवती स्फटिक दिसत असतील, तर माणसं बाजूला करा आणि मंडळाला कळवा. तो ड्रम उघडणं तुमचं काम नाही. बाकीच्यांचा नमुना जाणकार रसायनतज्ज्ञाकडूनच काढून घ्या.

पहिली चाळणी सोपी आहे. नमुन्याचे थेंब पाण्यात टाकले आणि ते तळाला गेले तर क्लोरीनची शक्यता मोठी. दुसरी म्हणजे तांब्याच्या तारेची चाचणी. तार ज्योतीत लाल करून थंड करायची, नमुन्याचा जेमतेम ओलावा लावायचा आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर हॅलोजन आहे. हे फ्यूम हुडमध्ये आणि ड्रमांपासून दूरच करायचं, कारण शेजारच्या ड्रममध्ये टोल्युइन असू शकतं. हिरवी ज्योत क्लोरीन आणि ब्रोमीन दोघांनाही येते, शिवाय तार मळकी असली तरी फसवते. नेमकं नाव जीसी-मासवरच कळतं. तोवर ते ड्रम सावलीत, गळती अडवणाऱ्या ट्रेवर ठेवा आणि प्रत्येकावर क्रमांक टाका. जमिनीचा व्यवहार अजून पूर्ण झाला नसेल तर त्यांच्या विल्हेवाटीचा खर्च कुणाचा हे खरेदीखतात आधी लिहून घ्या.